विमानतळ ते बंदर : मधल्या रस्त्याचा मालक कोण?

माझे थोरले बंधू आणि वहिनी इंदूरला असतात. दादांच्या पंच्याहत्तरीनिमित्त मुलांनी दोघांना चार दिवसांच्या क्रूझचे तिकीट भेट दिले. इंदूरहून विमान, पुढे बंदरातून जहाज, असा साधा सरळ बेत होता. विमान वेळेवर उतरले तेव्हा जहाजाची नोंदणी बंद व्हायला साडेतीन तास बाकी होते. मोबाइलवरचा नकाशा विमानतळ ते बंदर हे अंतर पन्नास मिनिटांचे सांगत होता.

सामान हाती येऊन टॅक्सी मिळेपर्यंत एक तास गेला. पुढचे दोन तास मालमोटारींच्या रांगेत गेले. टॅक्सीवाल्याने त्यांना मालवाहतुकीच्या फाटकावर नेऊन उभे केले, कारण तिकिटावर बंदराचे नाव होते, फाटकाचे नव्हते. पहारेकऱ्याने त्यांना नियमाप्रमाणे अडवले. प्रवाशांचे फाटक तिथून दोन किलोमीटरवर, आणि त्या फाटकातून टॅक्सीला आत प्रवेश नाही. बॅगा ओढत दोघे खिडकीपाशी पोचले तेव्हा ती बंद झाली होती. जहाज समोर धक्क्यालाच उभे होते.

दादांनी मला फोन केला. "अगं, तू इतकी वर्षं सरकारात काढलीस. कुणाला तरी सांग ना!"

वाचकहो, प्रशासनात तीस वर्षे काढूनही त्या क्षणी मला कुणाला फोन करावा हे कळले नाही. ओळखी नव्हत्या म्हणून नव्हे. विमानतळाच्या दारापासून जहाजाच्या शिडीपर्यंतचा प्रवास हे ज्याचे काम आहे, असा अधिकारीच या व्यवस्थेत नाही, म्हणून. त्या बंदराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोष एका बंदराचा असता तर हा लेख लिहिण्याऐवजी मी तक्रार लिहिली असती.

नंतर घरातल्या प्रत्येकाने दादांना सल्ला दिला. मेट्रोने जायचे होते. आदल्या दिवशी पोचून हॉटेलात राहायचे होते. जहाज कंपनीची बस मागायची होती. सर्वांचा सूर एकच, की वाहनाची निवड चुकली. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. विमानतळावरून बंदरात कोणत्या वाहनाने जावे, हा प्रश्न आपण प्रवाशाच्या चातुर्यावर सोडला आहे. वस्तुतः तो प्रशासनाचा प्रश्न आहे.

कोचीचे उदाहरण घेऊ. समुद्रतळातला गाळ उपसून त्या भरावातून रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली विलिंग्डन बेट उभे राहिले. एकेकाळी त्या एका बेटावर बंदर होते, हार्बर टर्मिनस हे रेल्वेस्थानक होते आणि विमानतळही होता. १९९९ मध्ये नागरी विमानतळ नेदुम्बासेरीला गेला. जुनी धावपट्टी नौदलाची व लांबीने अपुरी असल्याने ते आवश्यकच होते. बेटावरील रेल्वेची नियमित प्रवासी वाहतूक या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत थांबली. बंदर मात्र जागच्या जागी राहिले आणि २०२१ मध्ये तिथे 'सागरिका' हे नवे क्रूझ टर्मिनल झाले. जे अंतर बेटाच्या आत होते, ते आता पस्तीसेक किलोमीटरचे, संपूर्ण शहर ओलांडण्याचे झाले आहे.

कोचीत साधनांचा तुटवडा आहे, असेही नाही. आलुव्याहून २०१७ पासून मेट्रो आहे. विमानतळ ते आलुवा मेट्रोच्या विजेवरच्या बस आहेत. २०२३ पासून वॉटर मेट्रो आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे स्थानक विलिंग्डन बेटावरही सुरू झाले. यातली प्रत्येक गोष्ट कौतुकास्पद आहे. पण दोन बॅगा घेतलेल्या प्रवाशाने त्या ओळीने जोडून पाहाव्यात : आधी बस, मग मेट्रो, मग जेट्टीपर्यंत रिक्षा, मग बोट, मग टर्मिनलपर्यंत पायपीट. चारदा चढउतार, आणि एक दुवा चुकला तर पुढचा थांबेल याची हमी नाही. म्हणून माणूस मुकाट्याने टॅक्सी करतो. याला निवड म्हणणे ही प्रवाशाची चेष्टा आहे.

असे का होते, याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत डोकावले की मिळते. केंद्र सूचीत रेल्वे २२ व्या नोंदीत, मोठी बंदरे २७ व्या आणि विमानतळ २९ व्या नोंदीत आहेत. रस्ते राज्य सूचीत, १३ व्या नोंदीत आहेत. टॅक्सी म्हणजे यंत्रचलित वाहन. ते समवर्ती सूचीत, ३५ व्या नोंदीत. ही विभागणी चुकीची नाही. चूक एवढीच, की प्रत्येक यंत्रणेचे उत्तरदायित्व तिच्या फाटकाशी संपते आणि प्रवासी नेहमी दोन फाटकांच्या मध्ये असतो. बंदरांच्या फाटकांवर कडक नियंत्रण हवेच. २००४ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय जहाज व बंदर सुरक्षा संहितेची ती अपेक्षाच आहे. परंतु वाहन आत सोडायचे नाही हे ठरवणाऱ्याने, माणूस आत कसा पोचेल हेही ठरवले पाहिजे. पहिला निर्णय लेखी असतो. दुसरा कुणीच घेतलेला नसतो.

मुंबईत चित्र बदलते आहे, म्हणून ते अधिक बोलके आहे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना तिची स्थानके आहेत. बॅलार्ड पियरचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही २०२५ मध्येच सुरू झाले. विमानतळावर भुयारी गाडीत बसावे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकात उतरावे, इथवर उत्तम. उरतो सुमारे दीड किलोमीटर. हजारो कोटींच्या मेट्रोची आणि शेकडो कोटींच्या टर्मिनलची उपयुक्तता त्या दीड किलोमीटरवर अडते. त्यातच डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. तिथे उतरणाऱ्याचा मार्ग वेगळा, अटल सेतूवरून. आणि त्या सेतूवर रिक्षाला बंदी आहे. म्हणजे 'मुंबईला उतरा' हे वाक्यसुद्धा आता अपुरे आहे.

विशेष म्हणजे याच बॅलार्ड पियरवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाज व रेल्वे यांची सांगड घातलेली होती. विलायतेची बोट धक्क्याला लागे आणि जवळच्याच बॅलार्ड पियर मोल स्थानकातून फ्रंटियर मेलसारखी गाडी उत्तरेकडे निघे. ती सोय साहेबांसाठी होती, हे खरे. पण साहेबासाठी जे जमले, ते नागरिकासाठी का जमू नये?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : क्रूझ हा पैसेवाल्यांचा षोक, सरकारने त्याची चिंता का वाहावी? एक तर सरकारनेच ती अंगावर घेतली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. दुसरे, बंदरात जाणारा प्रत्येक जण क्रूझचा प्रवासी नसतो. कोचीहून लक्षद्वीपची जहाजे सुटतात. उपचारांसाठी मुख्य भूमीवर आलेला बेटवासी त्यांतून घरी परततो. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून अंदमानची जहाजे निघतात. नोकरीवर रुजू होणारे खलाशी असतात, त्यांत आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मुलेही असतात. या सर्वांचा रस्ता एकच आहे.

दुसरा आक्षेप : बाजार हे सोडवील, ॲपवर टॅक्सी मिळतेच. मिळते, पण कोणत्या दराने? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपट आकारणीस २०२० मध्ये मुभा दिली होती. २०२५ मध्ये ती दुप्पट केली. आणि जहाज चुकले तर टॅक्सी कंपनी भाडे घेऊन मोकळी होते. बाजार वाहन देतो. वेळेवर पोचण्याची जबाबदारी तो घेत नाही, आणि ती त्याच्याकडे कुणी मागितलेलीही नाही.

जिथे ती मागितली गेली, तिथे काय होते ते कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दिसते. २००९ मध्ये सुरू झालेली कॅनडा लाइन विमानतळावरून निघते आणि सुमारे पंचवीस मिनिटांत वॉटरफ्रंट स्थानकात पोचते. तिथून कॅनडा प्लेस हे क्रूझ टर्मिनल चालत काही मिनिटांवर. त्या मार्गाच्या खर्चात विमानतळ प्राधिकरणानेही वाटा उचलला. म्हणजे फाटकाबाहेरचा रस्ताही आपला आहे, हे एका यंत्रणेने पैसे मोजून मान्य केले.

आता कबुली. माझ्या सेवाकाळात अशा 'जोडणी'विषयीच्या बैठकांना मी अनेकदा बसले. इतिवृत्तेही मी लिहिली. त्यांचे शेवटचे वाक्य ठरलेले असे : "संबंधित विभागांनी परस्पर समन्वय साधावा." त्या वाक्यात क्रियापद आहे, पण जबाबदार माणूस नाही, मुदत नाही, पैसा नाही. 'संबंधित विभाग' म्हणजे कुणीच नाही, हे लिहिताना मला ठाऊक होते. दादांचा फोन आला तेव्हा माझेच वाक्य माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत आणि एकीलाही नवा कायदा लागत नाही. एक : प्रवासी जहाजाच्या प्रत्येक तिकिटावर फाटकाचे नाव, वाहन कुठवर जाईल आणि नोंदणी बंद होण्याची वेळ छापणे बंदराने बंधनकारक करावे. दोन : जहाज सुटण्याच्या दिवशी विमानतळ आणि सर्वांत जवळचे मेट्रो अथवा रेल्वेस्थानक, या दोन ठिकाणांहून थेट टर्मिनलच्या दारापर्यंत वेळापत्रकी बस असावी आणि तिचे भाडे तिकिटातच घ्यावे. तीन : या सर्वाला प्रत्येक बंदरात एक अधिकारी पदनामाने जबाबदार असावा, आणि त्याचा दूरध्वनी त्याच तिकिटावर असावा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने महानगरांसाठी एकात्मिक परिवहन प्राधिकरण सुचवले होते. ते जिथे झाले असेल तिथे त्याने हे काम करावे. जिथे नसेल तिथे बंदराने करावे. पण कुणीतरी करावे.

तोवर आपण काय करावे? आपल्यापैकी बरेच जण बंगळूर, दिल्ली, बडोदा अशा ठिकाणांहून जहाज गाठायला निघतात. त्यांनी शक्यतो आदल्या दिवशी पोचावे, फाटकाचे नाव लेखी मागून घ्यावे, आणि नकाशावरच्या वेळेच्या दुप्पट वेळ हाती ठेवावा. मात्र ही सावधगिरी म्हणजे व्यवस्था नव्हे. ती व्यवस्थेच्या अभावाचा दंड आहे आणि तो आपण हॉटेलच्या बिलातून भरत आहोत.

असो. दादांनी पुन्हा तिकीट काढलेले नाही. "आता रेल्वेने पंढरपूरला जाऊन येतो," म्हणाले. "तिथे निदान स्टेशनातून बाहेर पडल्यावर कुठे जायचं ते सगळ्यांना माहीत असतं."