मात्रेचा प्रश्न

कर्करोगावरील नवे औषध माणसाला प्रथमच देताना तीन-तीन रुग्णांच्या तुकड्यांना चढत्या मात्रा द्यावयाच्या, पहिल्या तीन-चार आठवड्यांत सहांपैकी दोघांस असह्य उपद्रव झाला की एक पायरी खाली उतरावयाचे आणि तीच मात्रा पुढील सर्वांसाठी मुक्रर करावयाची, हा दंडक पेशीमारक रसायनांच्या काळी रूढ झाला, आणि मात्रेबरोबर अर्बुदाचा नाशही वाढतो या धारणेमुळे त्यास तेव्हा सबळ आधारही होता. परंतु जे औषध एकाच प्रथिनाचे कार्य रोखण्यासाठी घडविलेले असते, त्याच्या बाबतीत ते प्रथिन पुरते रोखले गेल्यावर वाढविलेल्या मात्रेतून रुग्णाच्या पदरी उपद्रवाखेरीज काही पडेलच असा भरवसा नाही.

याचा दाखला फार जुना आहे. जून १९९८ मध्ये पोर्टलंडचे ब्रायन ड्रुकर व त्यांचे सहकारी यांनी दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियावर इमॅटिनिबची पहिली चाचणी आरंभिली, तेव्हा मात्रा रोज २५ मिलिग्रॅमपासून १००० मिलिग्रॅमपर्यंत चढली तरी सहनशक्तीची कमाल मर्यादा सापडली नाही. उलट, इंटरफेरॉन निष्फळ ठरलेल्या आणि ३०० मिलिग्रॅम वा अधिक घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. असे असूनही फुफ्फुसाच्या कर्करोगावरील सेरिटिनिब २०१४ साली रिकाम्या पोटी ७५० मिलिग्रॅम या मात्रेने मंजूर झाले, अर्ध्याहून अधिक रुग्णांची मात्रा उतरवावी लागली, आणि जेवणासह ४५० मिलिग्रॅम घेतल्यास रक्तातील प्रमाण तितकेच राहून पोटाची पीडा घटते, हे मान्य होण्यास २०१७ साल उजाडले. त्याच कर्करोगावरील सोटोरासिबला २०२१ मध्ये ९६० मिलिग्रॅमची परवानगी देतानाच अमेरिकी औषध प्रशासनाने २४० मिलिग्रॅमशी तुलना करण्याची ताकीद दिली. ती तुलना परवान्याआधी झाली असती तर अधिक शोभले असते.

आपल्याकडे या प्रश्नास द्रव्याचीही बाजू आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मस्तक व मान यांच्या कर्करोगात तोंडी रसायनोपचारास निव्होलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा जोडून एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध केले. ते औषध निराळ्या जातीचे असले, तरी अल्प मात्रेची कसून परीक्षा या देशात होऊ शकते, याविषयी आता शंका उरू नये.

पहिल्या टप्प्यात येणारा रुग्ण बहुधा सर्व उपाय थकल्यावर येतो, आणि स्वतःस लाभ होण्याची शाश्वती नसताना देह पणास लावतो. त्याच्या देहातून मिळणारी माहिती अपुरी राहू देणे आम्हांस अक्षम्य वाटते. म्हणून नीतिसमित्यांवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस आग्रहाची विनंती आहे की, किमान दोन मात्रांची यदृच्छ विभागणीने तुलना, रक्तातील औषधाच्या प्रमाणाची मोजणी आणि पहिल्या महिन्यानंतरही रेंगाळणाऱ्या अतिसार, मळमळ, थकवा यांची रुग्णाच्याच तोंडून घेतलेली नोंद, ही तजवीज आराखड्यात नसेल तर त्यांनी मंजुरीची सही करू नये.