"या वयातही!": कौतुकाच्या या कमेंटमध्ये नेमकं काय दडलंय?

आषाढी वारी सुरू झाली की तुमच्या फीडमध्ये एक रील हमखास येतं. नऊवारीतल्या दोन आजी टाळ-मृदंगाच्या तालावर फुगडी घालतायत आणि खाली कमेंट्सचा पाऊस पडतोय: "या वयातही काय एनर्जी आहे!"

वारीतल्या अनेक आजी-आजोबा आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर पायी कापतात. पण घरी परतल्यावर काय ऐकू येतं? "आई, राहू दे, भाजी मी आणते." "बाबा, जिना कशाला चढताय?" "आता वय झालं, आराम करा."

पाय तेच असतात, म्हातारपणाकडे बघण्याची नजर मात्र बदलते. या नजरेचा शरीराच्या हालचालीवर परिणाम होतो का?

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही या विषयावर अनेक वर्षं काम करतायत. ओहायो राज्यातल्या एका गावातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 660 लोकांना 1975 मध्ये त्यांच्या म्हातारपणाबद्दल प्रश्न विचारले गेले होते. उदाहरणार्थ, 'वय वाढतं तसं सगळं बिघडत जातं, असं तुम्हाला वाटतं का?' लेव्ही यांनी ही उत्तरं नंतरच्या मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली. 2002 मध्ये आलेला निष्कर्ष असा होता: स्वतःच्या वाढत्या वयाकडे सकारात्मकपणे बघणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले.

जर्मनीत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थेट व्यायामाशी संबंध दिसला. वाढत्या वयाबद्दल चांगलं मत असणारे लोक चालणं आणि खेळ यांत जास्त सक्रिय होते.

हे घडतं कसं?

'या वयात आता काय होणार' हे एकदा मनाने घेतलं की माणूस कमी चालतो. हालचाल कमी झाली की स्नायू कमजोर होतात. मग दोन जिने चढले तरी दम लागतो. आणि घरचे म्हणतात, "बघा, वय झालं!" म्हणजे ज्या समजुतीने त्रास सुरू झाला, तीच खरी ठरल्यासारखी वाटते.

पण हे चक्र उलटं फिरू शकतं. बॉस्टनमधल्या एका वृद्ध सेवाकेंद्रात नव्वदीच्या आसपासच्या 10 जणांना आठ आठवडे देखरेखीखाली वजनांचा व्यायाम देण्यात आला. 1990 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली होती. अभ्यास लहान होता, पण 'नव्वदीत स्नायू सुधारत नाहीत' या समजाला त्याने धक्का दिला.

मग सगळा खेळ मनाचाच आहे का?

नाही. ज्यांची तब्येत मुळात चांगली, त्यांचं म्हातारपणाबद्दलचं मतही चांगलं असू शकतं. त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वेगळं करणं अवघड आहे. शिवाय गुडघेदुखी खरी असते. उखडलेला फुटपाथ, बसायला बाक नसणं, स्वच्छतागृह नसणं हेही खरंच असतं. अशा रस्त्यावर पडण्याची भीती वाटणाऱ्या आजींना 'पॉझिटिव्ह विचार करा' असं सांगणं म्हणजे दोष त्यांच्याच माथी मारणं.

आणि बसून राहणं ही फक्त ज्येष्ठांची अडचण नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2024 साली आलेल्या अभ्यासानुसार, 2022 मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे 57 टक्के, तर पुरुषांमध्ये 42 टक्के होतं.

कौतुकात अडचण काय?

'वयातही' मधला 'ही'. त्यातून आपण नकळत सांगतो, की या वयात असं करणं हा अपवाद आहे आणि बाकीच्यांनी घरी बसणं हे नॉर्मल आहे.

अपवादाच्या झगमगाटात खरी गोष्टही हरवते. 2020 मध्ये पुण्याच्या रस्त्यावर लाठीकाठी फिरवणाऱ्या 85 वर्षांच्या शांताबाई पवार व्हायरल झाल्या. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी उलटलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या. दोघींनाही आपण 'प्रेरणादायी' म्हटलं. पण शांताबाई पोटासाठी खेळ करत होत्या आणि लताताई नवऱ्याच्या उपचाराच्या खर्चासाठी धावल्या होत्या.

किती हालचाल पुरेशी?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 65 वर्षांवरच्या व्यक्तींसाठी दिलेला सल्ला असा:

- आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल, जसं की भरभर चालणं
- किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम
- किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो

एवढं जमत नसेल, तर जमेल तेवढं करावं. काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, असंही संघटना सांगते. जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोललेलं चांगलं.

काळजीपोटी आपण ज्येष्ठांच्या हातातलं एकेक काम काढून घेतो. त्या प्रत्येक कामाबरोबर त्यांची थोडी हालचालही जाते. म्हणून पुढच्या वेळी आई भाजी आणायला निघाली, तर पिशवी हिसकावून घेऊ नका. चपला घाला आणि तिच्यासोबत चाला.