गेममधला 'हलका जीन' आणि आपल्याकडचं 'खराब रक्त'

"डॉक्टर, गेम खेळून पोरगं वाया गेलं," हे मी ओपीडीत आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकतो. सांगणाऱ्याच्या गालात बहुतेक वेळा तंबाखूची गोळी असते, ते असो. माझी तक्रार वेगळी आहे. गेमवर बोलणारे आम्ही डॉक्टर, मास्तर आणि पालक, यांपैकी किती जणांनी एक तरी गेम शेवटपर्यंत खेळला आहे? पाकीट न उघडता औषधाचे दुष्परिणाम सांगावेत, असा हा प्रकार आहे.

मी पन्नाशी ओलांडल्यावर यंदा पहिल्यांदा एक गेम पूर्ण खेळलो. काठीची राजवाडी होळी पाहायला पुण्याहून भाचा आला होता. त्याच्या लॅपटॉपवर 'मेटल गिअर सॉलिड' होता. जपानच्या कोनामी कंपनीसाठी हिदेओ कोजिमा यांनी केलेला, 1998 साली प्लेस्टेशनवर आलेला हा गेम. 2023 मध्ये तो कॉम्प्युटरसाठी पुन्हा निघाला. इंटरनेट लागत नाही, आणि आमच्या डोंगरात ही लहान गोष्ट नाही.

अलास्कातल्या एका बेटावर अतिरेक्यांनी अणुशस्त्रांचं केंद्र ताब्यात घेतलं आहे आणि स्नेक नावाच्या माणसाला तिथे एकट्याने शिरायचं आहे. मला वाटलं, दिसेल त्याला गोळ्या घालायच्या असतील. तसं केलं आणि पहिल्याच गोदीत तीनदा मेलो. "मामा, लपायचं असतं," भाचा म्हणाला. मग भिंतीला चिकटून पहारेकऱ्याची नजर कुठे जाते ते पाहायचं, भिंतीवर टकटक करून त्याला भलतीकडे न्यायचं, खोक्याखाली बसायचं. बर्फात उमटलेली तुमची पावलं पाहूनही पहारेकरी माग काढतो! मी मधेच नाडी मोजली. एरवी 76 असते, ती 104 होती. श्वास धरून बसलो होतो आणि पापणी मिटायची विसरलो होतो, त्यामुळे डोळे चुरचुरत होते. खेळणाऱ्या मुलांचे डोळे लाल होतात ते यानेच. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबचं झाड पाहिलं की बराच फरक पडतो.

गेममध्ये आमच्या धंद्यातल्या गोष्टीही निघाल्या. सिगारेट पेटवली की लेसरचे किरण दिसतात, पण तोंडात आहे तोवर जीव दाखवणारी पट्टी हळूहळू घटत जाते. पाकिटावरच्या चित्रापेक्षा मुलांना हे लवकर कळेल. बंदुकीचा नेम धरताना हात कापू नये म्हणून स्नेक डायझेपाम घेतो. हे मात्र कुणी मनावर घेऊ नका. त्या गोळीने गुंगी येते, सवय लागते, आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. हात कापण्यावर आम्ही बऱ्याचदा प्रोप्रॅनोलॉल देतो, आणि नेमबाजीच्या स्पर्धांत नेमकं त्याच जातीच्या औषधांवर बंदी आहे.

मग व्यसनाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आहे, 2022 पासून लागू आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा झालेला असावा लागतो, नुकसान दिसत असूनही तो चालू असावा लागतो, आणि हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. सुट्टीत चार दिवस खेळलेल्या मुलाला ते नाव चिकटवू नका. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा. या गेमला शेवट आहे का? आणि तो पैसे मागतो का? माझा गेम काही संध्याकाळींत संपला, आणि संपल्यावर त्याने मला परत बोलावलं नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना संपणंच परवडत नाही. त्यांच्यावर केंद्राने 2025 मध्ये कायदा करून बंदी आणली, ते योग्यच झालं.

तर हिंसा, व्यसन ही माझी भांडणं नाहीत. माझं भांडण या गेमच्या जीवशास्त्राशी आहे, आणि ते चांगलंच कडक आहे.

गोष्ट जुनी आहे, शेवट सांगितला तर रागावू नका. स्नेक आणि खलनायक लिक्विड हे एकाच सैनिकाचे क्लोन निघतात. लिक्विडचा संताप असा की बापाचे 'प्रभावी' जीन स्नेकला मिळाले आणि 'अप्रभावी' म्हणजे हलका, टाकाऊ माल त्याच्या वाट्याला आला. अगदी शेवटी एका फोनवर हे उलटं असल्याचं कळतं, पण तिथेही भाषा 'हलका' आणि 'वरचढ' हीच राहते. नाओमी नावाची शास्त्रज्ञ शेवटी म्हणते की माणसाने जीनच्या हुकमावर जगू नये. ते छान आहे. पण अप्रभावी म्हणजे हलका, हे मुळातच खोटं आहे, हे कुणीच बोलत नाही.

बहुतेक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एका प्रतीनेच परिणाम दिसला तर जीन प्रभावी, दोन्ही प्रती लागल्या तर अप्रभावी. एवढंच. चांगल्या-वाईटाशी संबंध नाही. हंटिंग्टन हा मेंदूचा जीवघेणा आजार प्रभावी जीनने होतो. ओ रक्तगट अप्रभावी आहे, आणि ओ गटाची माणसं ठणठणीत हिंडतात. आपल्या पाठ्यपुस्तकांनी 'अप्रभावी' असा कुचकामी वाटणारा शब्द निवडला, हेही दुर्दैवच. 'लपलेला' म्हटलं असतं तर पोरांना बरोबर कळलं असतं.

एका जपानी गेमवर इतकं कशाला तापायचं? कारण लिक्विडचं हेच भाषण मी सातपुड्यात रोज ऐकतो, फक्त 'जीन'च्या जागी 'रक्त' असतं. नंदुरबार जिल्ह्यात सिकल सेल बराच आहे. तपासणीत मुलगी वाहक निघाली की "हिचं रक्त खराब आहे" म्हणून सोयरीक मोडते. मुलाची मात्र तपासणीच होत नाही! वाहक व्यक्तीत लपलेली एकच प्रत असते. तिला आजार नसतो आणि सहसा औषधही लागत नाही. उलट, एक प्रत असलेल्यांना घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. जंगलपट्ट्यात हा जीन पिढ्यान्पिढ्या टिकला तो म्हणूनच. ज्याला तुम्ही खराब रक्त म्हणता, त्याने तुमच्या पूर्वजांना जगवलेलं आहे.

अडचण येते ती दोन वाहकांचं लग्न झालं तर. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के, आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची 25 टक्के. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो. म्हणून एकट्या मुलीचं रक्त तपासून काहीच ठरत नाही. आणि दोघंही वाहक निघाले तरी ते मोकळेपणी बोलू शकतात, गरोदरपणात लवकर तपासणी करून घेऊ शकतात. आजार असलेल्या मुलांसाठीही हायड्रॉक्सियुरियासारखं औषध आहे.

1 जुलै 2023 पासून देशाच्या आदिवासी भागांत सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी त्यात अपेक्षित आहे. होळीला गुजरातेतून कामावरची माणसं घरी येतात आणि त्यानंतर लग्नं ठरतात, तेव्हा हेच दिवस धरा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे ठरवायला पुढची चाचणी लागते, तेव्हा पहिल्या कागदावरच घरी जाऊ नका. आणि येताना मुलालाही घेऊन या.