जनरेटर चालू होईना, तेव्हा...



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापुरात बुधवार पेठेतल्या आमच्या वस्तीत एका मुलीचा मंगल परिणय होता. संध्याकाळी वळवाचा वारा सुटला आणि वीज गेली. मंडळाचा पेट्रोलवरचा छोटा जनरेटर बाहेर काढला. तो चालू झाला, दहा मिनिटे चालला आणि बंद पडला. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा तेच. पोरांच्या तळहातांना फोड आले. "इंजिन गेलं, आता दोन-तीन हजारांचा खड्डा," कोणीतरी म्हणाले.

गिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलेले आमच्या गल्लीतले आजोबा पुढे झाले. "दोरी सोडा रे पोरांनो. आधी टाकीचं झाकण बघा." झाकण सैल करताच सुस्स करून हवा आत शिरली. झाकणाचे बारीक भोक धुळीने बुजले होते. पेट्रोल खाली उतरायचे तर टाकीत वरून हवा यावी लागते. ती येत नव्हती म्हणून थोड्या वेळाने पेट्रोल अडत होते. आजोबांनी टाचणीने भोक मोकळे केले, झाकण लावले आणि मशीन सुरळीत चालू लागले. खर्च शून्य!

म्हणून आज ही माहिती देत आहोत. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी एवढे आपणच पाहावे.

पहिले पेट्रोल. टाकी भरलेली आणि कॉक उघडा आहे ना? पेट्रोल दोन-चार महिन्यांचे जुने असेल तर ते काढून ताजे घालावे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी शोषून घेते. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून साचलेले घाण पेट्रोल भांड्यात काढावे. जवळ विडी-काडी नको. चोक ओढलेला असतानाच मशीन चालते आणि चोक सोडताच बंद पडते, असे होत असेल तर बहुधा जेटमध्ये कचरा अडकला आहे असे समजावे.

दुसरे ऑईल. बऱ्याच मशीनमध्ये ऑईल कमी झाले की इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असते. मशीन उतारावर ठेवले तरी तसेच होते. म्हणून आधी सपाट जागी ठेवावे, मग ऑईल पाहावे.

तिसरे हवा. आपल्या गावात उन्हाळ्याची धूळ आणि यंत्रमागाच्या कापसाची लव फिल्टरवर बसते. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, ऑईलचे थोडे थेंब लावून पिळावा आणि बसवावा. कागदी फिल्टर मात्र धुवू नये, बदलावा.

चौथे प्लग. तो काजळीने काळा झाला असेल तर तारेच्या ब्रशने साफ करावा. पेट्रोलने भिजला असेल तर पुसून वाळवावा, थोडा वेळ थांबावे आणि चोक न लावता दोरी ओढावी.

एवढे करून मशीन रिकामे चालते, पण वायर जोडताच गुदमरते, असे झाले तर भार जास्त आहे. मोटर चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. आधी मशीन दोन-तीन मिनिटे मोकळे चालू द्यावे, मग एकेक वस्तू जोडावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. त्या रात्री पाऊस आला तेव्हा पोरे मशीन हॉलमध्ये ओढू लागली. आत बायका-लेकरे बसली होती. आजोबा दारातच आडवे झाले. "अंधारात बसू, पण हे आत येणार नाही." मशीन बंद केले. पाऊस थांबेपर्यंत वीस मिनिटे आम्ही मेणबत्तीवर बसलो.

आजोबांचे बरोबर होते. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो. दार-खिडकी उघडी ठेवूनही भागत नाही. मशीन उघड्यावर, घरापासून लांब आणि धुराचे तोंड खिडकीकडे न करता ठेवावे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर सुरू झाली की ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.

आणखी दोन गोष्टी. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नये. जनरेटरची वायर घरातल्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये घालू नये. वीज उलटी खांबावर जाते आणि तारेवर काम करणारा लाईनमन प्राणास मुकू शकतो. तोही कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस असतो.

आमच्या मंडळाने आता दोन मुले आणि दोन मुली नेमल्या आहेत. महिन्यातून एकदा ती विहारासमोरच्या मोकळ्या जागेत मशीन दहा मिनिटे चालवतात, ऑईल पाहतात आणि झाकणाचे भोक तपासतात. तुमच्या वस्तीतही एवढे जरूर करा.