‘छान आहे’ एवढ्याने भागत नाही



मागच्या पंधरवड्यात गावी गेलो होतो. रात्री जेवणे उरकल्यावर नववीतली पुतणी वही घेऊन जवळ येऊन बसली. शाळेत बाईंनी मूल्यमापनाचा निबंध लिहायला दिला होता. एखादी गोष्ट चांगली की वाईट हे कारणे देऊन ठरवायचे, असा तो निबंध. मग वह्यांची अदलाबदल करून प्रत्येकाने दुसऱ्याच्या निबंधावर अभिप्राय लिहायचा. पुतणीच्या वाट्याला तिच्या मैत्रिणीची वही आली होती. विषय होता सोयाबीनची रुंद वरंबा सरी पद्धत. त्याखाली पुतणीने लिहिले होते, ‘निबंध छान आहे. अक्षर सुंदर आहे.’

“एवढेच?” मी विचारले.

“अजून काय लिहू काका? चुका काढल्या तर तिला वाईट वाटेल ना!”

मी तिला म्हटले, “आपण माती तपासायला देतो आणि अहवालात नुसते ‘जमीन छान आहे’ एवढेच आले, तर तुझे बाबा काय करतील? खत किती टाकायचे हे त्यावरून कळेल का? आणि ‘जमीन वाईट आहे’ असे आले तरी काय उपयोग? सामू किती, स्फुरद किती, पालाश किती, हे कळले तरच पुढचे पाऊल टाकता येते. अभिप्रायाचेही तसेच आहे.”

मंडळी, हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागल्यावर सांगतो आहे. 1997 साली, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, मी एका शेतावर हरभऱ्याच्या नव्या वाणाचे प्रात्यक्षिक घेतले. उतारा चांगला आला. मी मोठ्या हौसेने टिपण लिहिले आणि गावच्या सभेत वाचण्याआधी एका सहकाऱ्याला दाखवले. ते म्हणाले, “उत्तम!” सभा झाली, पुढच्या रब्बीत बऱ्याच जणांनी तो वाण पेरला, पण कोरडवाहूत. उतारा निम्माही आला नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, “सायेब, तुमच्या त्या प्लाटाला पाणी दिलं होतं का?” दिले होते. एक फांद्या फुटताना आणि एक घाटे भरताना. टिपणात मात्र त्याचा उल्लेखच नव्हता. नंतर सहकारी म्हणाले, “मला शंका आली होती, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.” त्यांनी माझे मन राखले, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

हे ऐकून पुतणी सावरून बसली. आम्ही निबंध पुन्हा वाचायला घेतला.

पहिले वाचन नुसते समजून घेण्यासाठी करावे, हातात पेन घेऊ नये. लिहिणाऱ्याचे म्हणणे काय आहे, ते आपल्या शब्दांत एका वाक्यात सांगता येते का पाहावे. येत नसेल तर तोच पहिला अभिप्राय. इथे म्हणणे स्पष्ट होते: ‘रुंद वरंबा सरी पद्धत नेहमीच्या पेरणीपेक्षा चांगली.’

मग पाहावे, चांगली कशाच्या मापाने? उतारा, बियाणे, खर्च की मजुरी? मैत्रिणीने फक्त उतारा धरला होता. यंत्राच्या भाड्याचा शब्द नव्हता.

तिसरी गोष्ट पुरावा. निबंधात होते, ‘मागच्या वर्षी साध्या पेरणीत एकरी 6 क्विंटल झाले, यंदा 9 झाले.’ पुतणी म्हणाली, “काका, मागच्या वर्षी शेंगा भरताना पावसाने ताण दिला होता की!” मी म्हटले, “हेच लिही. पण ‘तुझे चुकले’ असे लिहू नकोस, प्रश्न विचार.”

चौथी गोष्ट दुसरी बाजू. ज्याला ही पद्धत पटत नाही, तो काय म्हणेल? आमच्या भावालाच ती पटत नाही. म्हणून पुतणीला ‘हे मला पटत नाही’ असे लिहायचा मोह झाला. मी थांबवले. आपले मत जुळते की नाही हा प्रश्नच नाही. तिचे म्हणणे तिने दिलेल्या कारणांवर उभे राहते का, एवढेच पाहायचे.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी. आणि दहा चुका दाखवण्यापेक्षा मोठ्या दोन दाखवाव्यात. तिचा निबंध आपणच लिहून देऊ नये.

अखेर पुतणीने लिहिले: ‘सरीतून जादा पाणी कसे निघून जाते आणि उघडीप पडली तर ओल कशी टिकते, हे तू इतके नीट सांगितलेस की मला चित्र दिसले. तो भाग तसाच ठेव. पण दोन वर्षांचा पाऊस वेगळा होता. मग वाढलेले 3 क्विंटल पद्धतीमुळे की पावसामुळे? यंदाच साध्या पद्धतीने पेरलेले शेजारचे शेत सापडेल का? आणि यंत्राचे भाडे वजा करून किती उरले?’

परवा पुतणीचा फोन आला. मैत्रीण एक दिवस रुसली होती म्हणे. मग तिने बांधाला लागून असलेल्या शेतात चौकशी केली. तोच वाण, पेरणीही त्याच आठवड्यातली, पण साध्या पद्धतीने. एकरी साडेसात क्विंटल. म्हणजे फरक 3 क्विंटलांचा नव्हे, दीड क्विंटलाचा. तिने तसेच लिहिले, भाडेही वजा केले. निष्कर्ष तोच राहिला, पण आता तो कुणालाही पटेल असा झाला. आमचा भाऊसुद्धा “दीड म्हणतेय तर खरं असेल” म्हणाला आणि पुढच्या खरिपात एक एकर करून बघतो म्हणतोय.

आपल्या घरातली मुले अशी वही घेऊन आली, तर त्यांना ‘छान लिही म्हणजे झाले’ असे सांगू नका. जवळ बसवा आणि विचारा: चांगले काय आहे, ते कशामुळे, आणि काय विचारले तर ते आणखी पक्के होईल? पुढे हीच मुले बियाण्याची जाहिरात वाचतील, शिवारफेरीत प्लॉट पाहतील. तेव्हा ‘पाणी किती दिले होते?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून वेळेवर निघायला हवा.