'हेतुपुरस्सर' वाचवू या

आजरेकरहो, तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो की एक वाक्य हमखास उतरतं: 'सदर काम हेतुपुरस्परपणे रखडवले आहे.' काम रखडलं असेलही, पण 'हेतुपुरस्पर' असा शब्दच नाही. 'परस्पर'चा इथे काही संबंध नाही. शब्द आहे 'हेतुपुरस्सर'. पुरः म्हणजे पुढे, सर म्हणजे जाणारा. आधी हेतू चालतो, मागून कृती येते. पुरोहित, पुरोगामी, पुरस्कार ही सगळी याच कुळातली मंडळी. आणि मागे जोडलेला 'पणे' तर फुकटचा.

पण नुसत्या शुद्धलेखनासाठी हा खटाटोप नाही. शब्द झिजतो तेव्हा त्यातला भेदही झिजतो. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या आजरा घनसाळ तांदळाचंच घ्या. पोत्यात दुसरा तांदूळ अनवधानाने मिसळला, मिसळलेला आहे हे माहीत असून जाणूनबुजून विकला, की गिऱ्हाईकाला फसवायचं ठरवून हेतुपुरस्सर मिसळला? तिन्ही गोष्टींना आज आपण एकच 'जाणीवपूर्वक' चिकटवतो. रोप लावलं तेही जाणीवपूर्वक आणि बांध कोरला तोही जाणीवपूर्वक! बिचाऱ्या जाणिवेवर केवढा हा भार.

कायदा एवढा ढिलेपणा चालवून घेत नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत 'इच्छापूर्वक' म्हणजे काय याची स्वतंत्र व्याख्या होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. तिथलं उदाहरण असं: जबरी चोरी सोपी व्हावी म्हणून कुणी रात्री राहत्या घराला आग लावली आणि त्यात माणूस दगावला. मारायचा हेतू नव्हता, नंतर वाईटही वाटलं. तरी मरण ओढवू शकतं हे ठाऊक असेल, तर ते मरण त्याने इच्छापूर्वकच घडवलं. हेतू वेगळा, जाणीव वेगळी, आणि शिक्षा या फरकावर ठरते. मग अर्जात शब्द ढोबळ का लिहायचा?

'मृत्युंजय'कार शिवाजी सावंतांचा जन्म याच आजऱ्यातला. त्यांचा नायक कर्ण; हाच भेद त्याच्या कथेतही दिसतो. महाभारतात कर्णाच्या हातून ब्राह्मणाची गाय मेली ती अजाणता, आणि शाप मात्र पुरा भोगावा लागला. कवचकुंडलं त्याने दिली ती बुद्ध्या, म्हणजे समजूनउमजून, सूर्याने आधी बजावलेलं असताना. 'बुद्ध्या' हा दोन अक्षरी शब्द आता जवळजवळ कुणी वापरत नाही. मला तो 'हेतुपुरस्सर'हूनही देखणा वाटतो. त्यात कटाचा वास नाही.

तेव्हा शिक्षकांनो, निबंध तपासताना 'पुरस्पर'वर लाल रेघ मारून थांबू नका; तिन्ही तांदळांचा फरक मुलांना विचारा. वार्ताहरांनो, हेतूचा पुरावा हाती नसेल तर 'हेतुपुरस्सर' छापू नका. श्रीमंत गंगामाई वाचन मंदिराने एक संध्याकाळ या शब्दांसाठी ठेवावी. आणि पुढचा अर्ज लिहिताना 'बुद्ध्या' एकदा वापराच. कारकुनाने अर्थ विचारला, तर खुर्ची ओढून सांगत बसा.