पाहिले, पण वाचले नाही

‘रत्नागिरी आम्ही एका दिवसात केली,’ असे अभिमानाने सांगणारी माणसे हल्ली वरचेवर भेटतात. गाव ‘करण्याची’ ही क्रिया मराठीत केव्हा शिरली कोण जाणे. पण स्थलदर्शनाची सारी नवी संस्कृती तिच्यात सामावलेली आहे. सकाळी टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, दुपारी मत्स्यालय, रत्नदुर्ग, शेवटी थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंटवरचा सूर्यास्त. यादी संपली की गाव संपले. आमचा आक्षेप यादीला नाही. तिच्यातल्या स्वल्पविरामांना आहे. जे मुळात जोडलेले आहे, ते हे स्वल्पविराम तोडून ठेवतात.

‘पॅलेस’ हाच शब्द घ्या. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. आज दिसणारी तिमजली वास्तू १९१० च्या सुमारास पुरी झाली. तीत तो जेमतेम सहा वर्षे राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. एकंदर तीस वर्षांचा हा बंदिवास. ज्याला आपल्या इच्छेने गाव सोडता येत नव्हते त्याच्या घराला राजवाडा म्हणणे ही इंग्रजांची सोय होती. आपण ती का चालवतो आहोत? त्याची थोरली राजकन्या १९४७ मध्ये याच गावात दारिद्र्यात वारली आणि तिची मुलगी मराठी बोलत इथल्या साध्या माणसांत मिसळून गेली. सूर्यास्ताच्या छायाचित्रात हे मावत नाही.

आता पहिला स्वल्पविराम पुसून पाहा. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ठेवले गेले मंडालेस, म्हणजे थिबाच्याच राजधानीत. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते, त्या सुमारास मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी नव्या घरात राहू लागला होता. साम्राज्याने केलेली ही अदलाबदल एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हटले असते. दुसरा स्वल्पविराम पुसला की सावरकर येतात. १९२४ ते १९३७ या काळात तेही या जिल्ह्यात स्थानबद्ध होते, आणि भागोजीशेठ कीरांनी बांधलेले, सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ चे, त्याच काळातले. तीन ‘स्थळे’ नव्हेत, बंदिवासाच्या एकाच ग्रंथाची ही तीन प्रकरणे आहेत.

‘प्रेक्षणीय’ कशाला म्हणायचे, हे पाहुण्याच्या घड्याळावर ठरू लागले की असेच होते. म्हणूनच माहितीपत्रकात जलक्रीडा असतात. पण संध्याकाळी वाडीतल्या क्रीडा मंडळाची मुले तांबड्या मातीवर फक्कीच्या रेषा आखून कबड्डी खेळतात, ते मैदान नसते. ते विकता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

पर्यटनावर गावाची पोटे भरतात, हे कोणी आम्हांस सुनावील. मान्य आहे. खानावळवाला, रिक्षावाला, आंबेवाला यांच्या मिळकतीशी आमचे भांडण नाही. पण गोष्ट नीट सांगितल्याने गिऱ्हाईक पळून जाते, हे कोणी सिद्ध केले आहे? उलट ज्याला गोष्ट कळली तो मुक्काम वाढवतो.

आमचे खरे भांडण आमच्याच बिरादरीशी आहे. सहल-आयोजकाने वाचले नाही, तर तो त्याचा धंदा नव्हे. आम्हां साहित्याच्या अध्यापकांचा तर तोच धंदा. आम्ही ‘गीतारहस्य’ कर्मयोगाच्या प्रश्नोत्तरांत बसवतो, आणि ते कोणत्या गावी, कोणाच्या पदच्युत राजधानीत लिहिले गेले हे वर्गात उच्चारतही नाही. विद्यार्थ्यांची सहल नेतो तेव्हा आम्हीही शिट्टी वाजवून त्यांना वीस मिनिटांत बसमध्ये परत बोलावतो. संहिता संदर्भासकट वाचावी असे फळ्यावर लिहायचे आणि दगडाचुन्याची संहिता मात्र ‘पॉइंट’ म्हणून उरकायची, हा दुटप्पीपणा आमचाच आहे.

पुढच्या सहलीत एक स्थळ कमी करावे आणि टिळकांच्या घरापासून थिबाच्या घरापर्यंत मुलांना चालवत न्यावे. वाटेत मंडालेचे नाव निघाले नाही, तर सहल झाली असे म्हणू नये.